दोह्याची पेठ पुन्हा वसते

हमद विमानतळावरून निघालेली मेट्रोची लाल मार्गिका वीसेक मिनिटांत मुशैरिब स्थानकावर आणून सोडते. कतारच्या लाल, हिरव्या आणि सोनेरी अशा तिन्ही मार्गिका इथेच एकमेकींना मिळतात. साध्या डब्याचं तिकीट दोन रियाल. त्यामुळे फलाटावर पांढऱ्या पायघोळ थोबमधले कतारी अधिकारी असतात, पिशवीला हेल्मेट अडकवलेले नेपाळी कामगार असतात, पाळी संपवून निघालेल्या केरळी परिचारिका असतात आणि मधूनच मराठीही कानावर पडते. सरकते जिने चढून वर आलं की दोन वाटा फुटतात. एक थेट ‘मुशैरिब डाउनटाउन दोहा’ या नव्या वस्तीत शिरते. दुसरीने थोडं चाललं की सूक वाकिफ हा जुना बाजार लागतो. शहराची मधली पेठ उतरणीला लागली तर ती पुन्हा कशी उभी करायची, या एकाच प्रश्नाला दोह्याने एकमेकांना लागून दोन उत्तरं दिली आहेत. दोन्ही पायी फिरून एका संध्याकाळी पाहता येतात.

पेठेची कुळकथा मोत्यांपासून सुरू होते आणि ती मुंबईशी जोडलेली आहे. मोती इथल्या समुद्रातून निघायचे आणि विकले जायचे मुंबईत. हंगाम संपला की आखाती व्यापारी मुंबईत मुक्काम ठोकायचे, आणि परतताना त्यांच्या गलबतांत तांदूळ, कापड, मसाले आणि घरांच्या छपरासाठी लागणारा बांबू असायचा. १९३०च्या आसपास जागतिक मंदी आली, त्यातच जपानी संवर्धित मोती बाजारात उतरले आणि दोह्याचा धंदा बसला. दुखानला तेल लागलं ते १९३९-४०च्या सुमारास, पण महायुद्धामुळे पहिली निर्यात व्हायला १९४९ साल उजाडलं. चलन मात्र पुढेही बरीच वर्षं भारतीयच होतं. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर कतारने रुपयाचा हात सोडला. आज सूक वाकिफमध्ये हिंदीत भाव विचारला तर हिंदीतच उत्तर मिळतं, त्यामागे एवढा जुना व्यवहार आहे.

तेलाचा पैसा आला तशी मुशैरिबची भरभराट झाली. इथला कहरबा रस्ता म्हणजे दोह्यात विजेचे दिवे लागलेला पहिला रस्ता. पंखे, रेडिओ, शीतकपाटं अशा नवलाईच्या वस्तू घ्यायच्या तर लोक इथे येत. पण त्याच पैशाने पेठेची उतरणही सुरू झाली. कतारी कुटुंबं बाहेरच्या भागात ऐसपैस बंगले बांधून राहायला गेली. १९७०च्या दशकात अमेरिकी वास्तुविशारद विल्यम परेरा यांच्या आराखड्यानुसार समुद्रात भराव घालून वेस्ट बे आकाराला येऊ लागलं. तिथे १९८२ मध्ये पिरॅमिडच्या आकाराचं शेरटन हॉटेल उभं राहिलं, मागोमाग मंत्रालयं, कंपन्या आणि मनोरे गेले. गाडीत बसून वातानुकूलित मॉलला जाणाऱ्या माणसाला अरुंद गल्ल्यांच्या पेठेत यायचं कारण उरलं नाही.

रिकामी घरं भाड्याने गेली. केरळ, तमिळनाडू, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तानातून एकट्याने आलेल्या कामगारांची बिऱ्हाडं त्यांत थाटली गेली. खाली शिंपी, न्हावी, घरी पैसे पाठवण्याची दुकानं, मोबाइल दुरुस्ती, स्वस्त खानावळी. शुक्रवारी सुट्टीच्या संध्याकाळी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसे. ‘पेठ उतरणीला लागली’ हे म्हणणं मालकांचं आणि नियोजनकारांचं होतं. इमारती खरोखर मोडकळीला आल्या होत्या, सांडपाण्याची व्यवस्था अपुरी होती, वाहनांची कोंडी होती. तरीही धंदा जोरात होता आणि गिऱ्हाईक दररोज येत होतं. पुनरुज्जीवनाच्या कोणत्याही योजनेकडे पाहताना हा फरक डोक्यात ठेवावा लागतो.

आधी सूक वाकिफ. वाडी मुशैरिबच्या, म्हणजे पावसाळी ओढ्याच्या काठाने भरणारा हा बाजार शंभरावर वर्षांचा. वाळवंटातले बेदुईन लोक इथे मेंढ्या, लोकर आणि तूप विकायला आणत, किनाऱ्यावरचे लोक मासळी आणत. १९९०च्या दशकापर्यंत त्यावर पत्रे चढले होते, सिमेंटचे गाळे उभे राहिले होते, वातानुकूलन यंत्रांची खोकी भिंतीभिंतीवर लटकत होती. २००३ मध्ये आग लागली आणि बाजाराचा बराच भाग जळाला. पाडून मॉल बांधता आला असता. तत्कालीन अमीर शेख हमद बिन खलिफा अल थानी यांच्या पुढाकाराने निर्णय उलटा झाला, आणि काम मोहम्मद अली अब्दुल्ला या कतारी चित्रकाराकडे सोपवलं गेलं. जुने फोटो, म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि उरलेल्या भिंती यांच्या आधारे त्यांनी बाजार पुन्हा जुळवला. सिमेंटचे नवे थर आणि पत्रे उतरवले, भिंतींना मातीचा गिलावा केला, लाकडी सोटांवर बांबू आणि चटई अंथरून वर मातीचं छप्पर चढवलं. २००८च्या सुमारास मुख्य काम पुरं झालं आणि २०१०च्या फेरीत आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या निवडयादीत सूक वाकिफचं नाव लागलं.

कडक वास्तुतज्ज्ञ इथे एक आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे: आज जे जुनं दिसतं त्यातलं बरंचसं नव्याने बांधलेलं आहे. पण गल्लीत शिरल्यावर लक्षात येतं की जपलेल्या गोष्टींत भिंतींहून मोलाचं आणखी काही आहे. गल्ल्यांची रुंदी तीच आहे, म्हणून दुपारीही एका बाजूला सावली सापडते. मालानुसार पडलेल्या आळ्या तशाच आहेत: मसाल्यांची वेगळी, कापडाची वेगळी, तांब्याच्या भांड्यांची आणि दोरखंडांची वेगळी. मसाल्याच्या आळीत पोती तोंड दुमडून ओळीने मांडलेली असतात. सुकवलेली काळी लिंबं, केशराच्या डब्या, धूप, वेलची, सुकलेले गुलाब. दुकानदार एक लिंबू फोडून नाकाशी धरतो, आंबट-धुरकट वास येतो, आणि माशाच्या कालवणात ते कसं टाकायचं हेही सांगतो. पलीकडे ससाण्यांची दुकानं. डोळ्यांवर कातडी टोप्या घातलेले पक्षी हिरवळीसारख्या गालिच्यावर खुंट्यांवर बसलेले असतात, आणि थोड्या अंतरावर त्यांचं स्वतंत्र रुग्णालय आहे. तिथे ससाण्याचा क्ष-किरण फोटो काढतात आणि तुटलेल्या पिसाच्या जागी दुसरं पीस बसवतात. ज्या कतारी माणसाला भाजीसाठी बाजारात यायची गरज नाही, तो ससाण्यासाठी येतो, आणि आला की कॉफी पिऊन, चार लोकांशी बोलून जातो.

हमालही टिकले आहेत. गर्द रंगाच्या जाकिटातले, पिकल्या दाढीचे हे लोक एकचाकी हातगाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे असतात. गल्ल्यांत गाडी जात नाही, त्यामुळे तांदळाचं पोतं आणि हंडे त्यांच्याच गाडीतून वाहनतळापर्यंत जातात. कधी पोतं असतं, कधी दमलेलं मूलही असतं. गाड्यांना मज्जाव केल्यामुळे हमालाचं काम शिल्लक राहिलं, हे नियोजनातलं फार मोठं शहाणपण आहे.

शम्स अल कस्साबी यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. पुरुषांच्या या बाजारात घरगुती मसाले आणि लोणची घेऊन बसणाऱ्या त्या पहिल्या कतारी महिलांपैकी एक. पुढे त्यांनी इथेच ‘शाय अल शमूस’ हे उपाहारगृह काढलं. गोड शेवयांवर अंड्याचा पोळा घातलेला बलालीत, चण्यांची वाटी, खमीर रोटी आणि दुधाचा करक चहा अशी न्याहारी करायला तिथे सकाळी मंत्र्यांपासून पर्यटकांपर्यंत सगळे येतात. जपलेल्या बाजारात एका बाईला छोट्या जागेतून सुरुवात करता आली, ही गोष्ट एखाद्या सुबक कमानीहून महत्त्वाची वाटते.

बाजार चालवणं हे बांधण्याहून चिवट काम आहे. सूक वाकिफचं व्यवस्थापन सरकारच्या ‘प्रायव्हेट इंजिनिअरिंग ऑफिस’कडे आहे, आणि त्यांच्या हातात वर्षाचं एक वेळापत्रक असतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की बाहेरचा ग्राहक आटतो. नेमकं तेव्हाच पूर्वेकडच्या चौकात वातानुकूलित तंबू ठोकून स्थानिक खजुरांचा मेळा भरवला जातो. २०२४च्या मे-जूनमध्ये भारतीय दूतावासाच्या सहकार्याने तिथे भारतीय आंब्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा हापूसच्या पेट्या उचलायला कतारी कुटुंबांचीही झुंबड उडाली. मे महिन्यात बाजारात माणूस कसा आणायचा, याचं उत्तर देवगड-रत्नागिरीकडून मागवावं, हे कोकणच्या माणसाला सुखावणारं आहे. एक धोका मात्र डोळ्यांसमोर दिसतो. हुक्का आणि जेवणाच्या जागा वाढत चालल्या आहेत, आणि संध्याकाळी मुख्य रस्त्यावर उपाहारगृहांच्या खुर्च्यांमधून वाट काढावी लागते. दोरखंड विकणारा हटला आणि तिथे पिझ्झा आला तर पुढच्या पिढीला ही आळी फोटोतच पाहावी लागेल.

रस्ता ओलांडून मुशैरिबमध्ये शिरलं की गजबज एकदम मागे पडते. इथे जुनं जपण्यापेक्षा जुन्याचं तत्त्व घेऊन सगळं नव्याने बांधलं गेलं. हे काम ‘मुशैरिब प्रॉपर्टीज’ या कतार फाउंडेशनच्या कंपनीचं. प्रकल्पाची कोनशिला जानेवारी २०१० मध्ये बसली. क्षेत्र ३१ हेक्टर, म्हणजे सुमारे ७६ एकर. इमारती शंभराहून अधिक. खर्च सुमारे २० अब्ज रियाल. ॲलाइज अँड मॉरिसन आणि अरूप यांसारख्या संस्थांनी आराखड्यावर काम केलं. काम सुरू करण्याआधी कतारी घर आणि गल्ली यांचा काही वर्षं अभ्यास झाला: अंगण किती, खिडकी कुठे, वारा कुठून.

तो अभ्यास पायांना जाणवतो. रस्त्यांची दिशा समुद्राकडचा वारा आत यावा अशी धरली आहे, इमारती एकमेकींवर सावली धरतील इतक्या जवळ आहेत, दगड फिकट रंगाचा आहे, कडेने ओसरीसारखे खांबांचे पडवे आहेत. बराहत मुशैरिब या मोठ्या चौकावर सरकतं छप्पर आहे. ऊन चढलं की ते बंद होतं. उन्हाळ्यात कायद्याने बाहेरची कामं सकाळी १० ते दुपारी ३.३० बंद ठेवावी लागतात, त्या देशात दुपारी चौकात बसून वर्तमानपत्र वाचता येणं ही लहान गोष्ट नाही. गाड्या, मालाचे ट्रक, कचरा, सगळं जमिनीखालच्या मजल्यांत. दहा हजारांहून अधिक गाड्यांची जागा खालीच आहे. वरून सुमारे दोन किलोमीटरच्या फेरीत नऊ थांब्यांची ट्राम फिरते. डोक्यावर विजेच्या तारा नाहीत आणि तिकीटही नाही. छपरांवर सौरपट्ट्या आहेत. तळघरात दुकानाचा माल उतरतो आणि वर माणसाला मोकळं चालता येतं, ही एकच गोष्ट पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला निघालेल्या कोणालाही हेवा वाटायला लावेल. तिथे दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून वाहनं बंद ठेवतात. मुशैरिबमध्ये ती सोय बारमाही आहे.

आणि तरीही सकाळी अकराला इथले काही रस्ते शांत असतात. कचेऱ्या आल्या आहेत, पंचतारांकित हॉटेलं आहेत, एम सेव्हन हे फॅशन आणि डिझाइनचं केंद्र आहे. संध्याकाळी बराहतमध्ये मुलं कारंज्यात भिजतात, फुटबॉल विश्वचषकाच्या दिवसांत, २०२२ मध्ये, इथे जगभरचे पाठीराखे रात्रभर गात होते. पण तळमजल्यावरची दुकानं बहुतांशी महागड्या वस्तूंची आणि महागड्या कॉफीची. बटण तुटलं, चपलेचा अंगठा निघाला, घड्याळाचा पट्टा बदलायचा आहे, अशा कामासाठी इथे कोणाकडे जायचं? पेठेला रोजची वर्दळ अशा चिल्लर कामांतून मिळते. दहा वेळा छोट्या कामाला आलेला माणूस अकराव्या वेळी मोठी खरेदी करतो. ते छोटे कारागीर जुन्या मुशैरिबमध्ये होते. वस्ती पाडल्यावर ते शहरभर पांगले. भाडेकरू परदेशी, व्हिसा नोकरी देणाऱ्याच्या हाती, घरावर हक्क नाही. त्यांनी परत यावं अशी तरतूद आराखड्यात नव्हती.

याची जाणीव प्रकल्पाला अजिबात नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. इमारती पाडल्या जात असताना मागे राहिलेल्या वस्तू गोळा करण्याचा ‘एको मेमरी’ नावाचा कलाप्रकल्प मुशैरिबनेच चालवला. आणि चार जुनी घरं राखून २०१५ मध्ये त्यांची संग्रहालयं केली. रदवानी घरात विसाव्या शतकातलं कौटुंबिक जगणं मांडलं आहे. त्याच्या अंगणात पुरातत्त्वज्ञांनी उत्खननही केलं. कंपनी हाउस हे पहिल्या तेल कंपनीचं कार्यालय. तिथे तेलावर राबलेल्या कतारी कामगारांच्या तोंडून त्यांच्या कष्टांची हकिगत ऐकू येते. चारांपैकी सर्वांत धाडसाचं काम बिन जलमूद हाउसने केलं आहे. ते एका गुलाम-व्यापाऱ्याचं घर होतं. हिंदी महासागरातला गुलामांचा व्यापार, मोत्यांच्या होड्यांवर बुडी मारणारे गुलाम, १९५२ मध्ये कतारमध्ये झालेलं गुलामगिरीचं उच्चाटन, हे सगळं तिथे आडपडदा न ठेवता सांगितलं आहे, आणि शेवटच्या दालनांत आजच्या सक्तीच्या मजुरीचाही विषय निघतो. अरब देशांत असं संग्रहालय विरळा. मुशैरिबला जाऊन हे घर न पाहता परतू नये.

तुलना करायची तर मुंबईचा भेंडीबाजार आठवतो. साडेसोळा एकर, अडीचशेच्या आसपास जीर्ण इमारती, सुमारे ३,२०० कुटुंबं आणि १,२५० दुकानं. दाऊदी बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ पासून तिथे काम घेतलं. राहणाऱ्यांना तिथेच मालकीचं घर आणि दुकानदाराला तिथेच गाळा, ही पहिली अट. म्हणूनच काम कूर्मगतीने चाललं आहे: प्रत्येकाची संमती, प्रत्येकासाठी संक्रमण शिबिर, मध्येच ३१ ऑगस्ट २०१७ रोजी हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा बळी. दोह्यात एकच मालक, एकच सही, म्हणून दहा वर्षांत नवं शहर उभं राहिलं. वेग कोणाला नको असतो? पण भेंडीबाजारात नव्या मनोऱ्याखाली दुकान उघडणारा माणूस जुन्याच गिऱ्हाइकाला ओळखतो, आणि ती ओळख गमावल्याची किंमत मुशैरिबला अजून वर्षानुवर्षं मोजावी लागणार आहे.

आणखी एक वाट कॅनडाची. टोरंटोच्या ब्लूर रस्त्याखालून मेट्रो धावू लागली आणि वरच्या दुकानांसमोरची वर्दळ आटली. तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी स्वतःवर वर्गणीवजा कर लावून घेतला, नगरपालिकेने तो वसूल करून त्यांच्याच मंडळाला दिला, आणि त्यातून बाकं, दिवे, फुलझाडं आली. १९७० मध्ये स्थापन झालेलं ते ब्लूर वेस्ट व्हिलेजचं मंडळ अशा प्रकारचं जगातलं पहिलं मानतात. पुढे अनेक देशांनी हा नमुना उचलला. त्यात दुकानदाराला मत असतं. दोह्यातल्या दोन्ही पेठांत झाडलोट, दिवे, सुरक्षा, मेळे यांची व्यवस्था वाखाणण्याजोगी आहे, पण दुकानदार हा भाडेकरू आहे आणि निर्णय वरून येतो. कोणत्या आळीत काय विकलं जावं हे दुकानदारांच्या मंडळालाही विचारलं जाऊ लागलं, तर सूक वाकिफचा दोरखंडवाला अधिक निर्धास्त राहील.

जुन्या मुशैरिबची शुक्रवारची गर्दी पाहायची असेल तर आता शहराच्या नैर्ऋत्येला, औद्योगिक क्षेत्राच्या पलीकडे एशियन टाउनला जावं लागतं. शेजारीच लेबर सिटी ही हजारो कामगारांची वसाहत आहे. एशियन टाउनमध्ये स्वस्त कपड्यांची दुकानं आहेत, मोबाइलवाले आहेत, पैसे पाठवण्याचे काउंटर आहेत, चित्रपटगृहं आहेत आणि क्रिकेटचं मैदानही. २०२२च्या विश्वचषकात कामगारांसाठी मोठा पडदा इथेच लावला होता, आणि मार्च २०२३ मध्ये निवृत्त क्रिकेटपटूंची लेजंड्स लीग इथेच रंगली. शुक्रवारी दुपारी नमाज आटोपली की बसगाड्या भरून माणसं उतरतात. सहाच्या सुमाराला न्हाव्याच्या दुकानात बाकावर जागा नसते, आणि पैसे पाठवण्याच्या खिडकीसमोर मल्याळम, बंगाली, नेपाळी, उर्दूत बोलणाऱ्यांची रांग दारापर्यंत गेलेली असते.